२२ हजारांचं सिरॅमिक कोटिंग, अकोल्याच्या तीन उन्हाळ्यांनंतर

मी गुरांची डॉक्टर. घर अकोल्यात, काम अकोट-तेल्हारा भागातल्या गावांत, आणि या दोन्हींच्या मध्ये रोज शंभरेक किलोमीटर धावणारी माझी लाल हॅचबॅक. घरी ती अंगणात उभी असते, अंगणाला छप्पर नाही. गावात गोठ्याबाहेर, ग्रामपंचायतीसमोर, कधी तर सरळ शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लावून. सावली असलीच तर तिथे आधीच म्हैस बांधलेली असते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी या गाडीवर २२ हजार रुपयांचं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चोळून बसवायचा पातळ, कडक, पारदर्शक थर, करून घेतलं. तीन वर्षांची वॉरंटी गेल्या महिन्यात संपली आणि दुकानातून फोन आला, 'मॅडम, रिन्यू करून घ्या, २० टक्के सूट देतो.' हो म्हणायचं की नाही हे ठरवण्याआधी तीन उन्हाळ्यांचा हिशेब मांडून बघितला. तो हा.

लाल रंगाची धास्ती मला घरातूनच मिळालेली आहे. मी शाळेत असताना बाबांकडे एक लाल गाडी होती. दिवाळीआधी बाबा ती घासायला काढायचे तेव्हा हातातलं फडकं गुलाबी व्हायचं. आम्हा भावंडांना वाटायचं, काही साड्यांसारखा गाडीचाही रंग कच्चा असणार. दहाएक वर्षांत टप आणि बॉनेट फिक्कट गुलाबी, दारं मात्र अजून लाल, अशी ती दुरंगी झाली होती. कारण पुढे कळलं. तेव्हाच्या साध्या रंगावर वेगळं पारदर्शक कवच नसायचं. उन्हाने रंगातला चिकट बांधा जळायचा, वरचा थर भुकटी होऊन सुटायचा आणि फडक्याला लागायचा. टप आणि बॉनेट आभाळाकडे तोंड करून असतात, म्हणून आधी त्यांचा नंबर.

आताच्या गाड्यांचं तसं नाही. पत्र्यावर गंज धरू नये म्हणून एक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट, म्हणजे तेच पारदर्शक कवच. हे सगळं मिळून जाडी भरते १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवावेत तेवढी. त्यातला वरचा ४०-५० मायक्रॉन क्लिअर कोट. अतिनील किरण शोषून घेणारी रसायनं त्याच्यातच मिसळलेली असतात. म्हणजे गाडीचं खरं सनस्क्रीन कारखान्यातूनच लागून येतं, ते जपून वापरायचं असतं. एवढं मला २२ हजार मोजण्याआधी कोणी सांगितलं असतं तर मी दुकानात चार प्रश्न जास्त विचारले असते.

कोटिंग पुण्यात केलं, भावाकडे गेले होते तेव्हा. दुकानाचं नाव लिहीत नाही. काम त्यांनी मन लावून केलं, त्याबद्दल तक्रार नाही. तीन दिवस गाडी आत होती. आधी धुलाई, मग मातीच्या गोळ्यासारखी मऊ वडी पाण्याचा हात घेत पत्र्यावर फिरवून रुतलेली धूळ आणि डांबराचे ठिपके काढले. मग मशीनने पॉलिश. मग स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढला आणि छोट्या बाटलीतलं द्रावण स्पंजवर घेऊन हातभर हातभर जागेवर आडवं-उभं चोळलं. शेवटी लाल दिव्यांखाली वाळवलं. परत मिळाली तेव्हा बॉनेटमध्ये तोंड बघून कुंकू लावता आलं असतं.

पॉलिशबद्दल एक गोष्ट मात्र आता सांगते. पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा वरचा पातळ पापुद्रा घासून काढणं. ओरखडे त्यामुळे दिसेनासे होतात, पण ज्या थरात ते सनस्क्रीन आहे तोच थोडा कमी होतो. एकदा केलं तर बिघडत नाही. दर दिवाळीला हौस म्हणून करू नये. माझी गाडी तेव्हा जेमतेम एक वर्षाची होती, तिला जोरकस पॉलिशची गरजच नव्हती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणि ते '९एच'. दुकानातला मुलगा म्हणाला होता, 'नाइन एच आहे मॅडम, किल्लीने ओढलं तरी काही होत नाही.' ही पेन्सिलीच्या कडकपणाची मोजणी आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण टूबी पेन्सिल न्यायचो, तिच्याच खानदानातली दुसऱ्या टोकाची ९एच. त्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. थर असतो एक-दोन मायक्रॉनचा. तेल्हाऱ्याकडच्या एका गावात बोकडाने दाराला शिंग घासलं तेव्हा ९एचने काहीही केलं नाही. बोकडाला मात्र बरं वाटलेलं दिसलं.

पहिला उन्हाळा, २०२३. खरं सांगते, मी खूश होते. आमच्याकडची काळी माती सुकली की पिठासारखी उडते आणि ओली झाली की डिंकासारखी चिकटते. कोटिंगनंतर ती पत्र्यावर बसायची, पण धरून राहायची नाही. दोन बादल्यांत गाडी स्वच्छ. आधी पाऊण तास लागायचा, आता वीस मिनिटं. पाणी टाकलं की अळूच्या पानावरच्यासारखे थेंब पळायचे. आमचे हे मुद्दाम नळी घेऊन टपावर पाणी सोडायचे आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे.

याच थेंबांनी पुढे घात केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारट. काही गावांत विहिरीचं पाणी प्यायलाच काय, ओलितालाही चालत नाही. मे महिन्यात अशाच एका गावात मी गाईची अडलेली वीत सोडवत होते, दोन तास गेले. बाहेर आले तर त्या घरच्या पोराने प्रेमापोटी माझी गाडी बोअरच्या पाण्याने धुऊन ठेवलेली, भर दुपारी एक वाजता. पोरगं घामाघूम होऊन शाबासकीची वाट बघत उभं. त्याला काय बोलणार? पन्नास रुपये दिले आणि निघाले.

साध्या रंगावर पाणी पसरतं, वाळलं तर पुसट पांढरी झाक येते. कोटिंगवर पाणी गोल थेंब करून उभं राहतं. तापलेल्या पत्र्यावर तो थेंब वाळताना त्याच्यातला सगळा क्षार एका वर्तुळात जमा होतो. संध्याकाळी टपावर, बॉनेटवर शेकडो पांढऱ्या टिकल्या होत्या, रांगोळी शिंपडावी तशा. साबणाने गेल्या नाहीत, शाम्पूने गेल्या नाहीत.

पुण्याला फोन केला. त्यांनी वॉरंटीचं कार्ड वाचायला सांगितलं. मी पहिल्यांदाच नीट वाचलं. पाण्याचे डाग वगळून. पक्ष्यांची विष्ठा वगळून. झाडाचा चीक वगळून. दर सहा महिन्यांनी त्यांच्याच दुकानात तपासणी आणि धुलाई सक्तीची, तिचे पैसे वेगळे, नाहीतर वॉरंटी रद्द. अकोल्याहून पुण्याला जाऊन येऊन हजार किलोमीटर होतात. मी एकदा गेले, भावाच्या मुलाचं बारसं होतं म्हणून. त्यानंतर नाही. म्हणजे वॉरंटी तीन वर्षांची असली तरी माझ्यापुरती ती पहिल्या वर्षातच संपली होती.

उपाय निघाला इथेच अकोल्यात, गोरक्षण रोडच्या बाजूला एका शटरच्या गाळ्यात. तिथला मुलगा पंचविशीतला, पाटीवर फक्त 'कार वॉश' लिहिलेलं. त्याने बॉनेटवर बोट फिरवलं आणि मान हलवली.

"कोटिंगले काई झालं नाही मॅडम. हे खारं पानी हाय. उन्हात धुतली ना?"

"मी नाही धुतली. एका पोराने धुतली."

"मंग त्या पोराले माह्याकडे पाठवा, कामाले ठेवतो." आणि मग जरा गंभीर होऊन, "घरी व्हिनेगर हाय? पांढरं? एक भाग व्हिनेगर, एक भाग आरोचं, म्हंजे फिल्टरचं पानी. सावलीत, पत्रा थंडा असला तरच लावजा. एक मिनिट ठेवा अन् भरपूर पान्यानं धुऊन टाका. घासू नका."

घरी केलं. दहातले आठ डाग गेले. उरलेले त्याने डाग काढायच्या खास द्रावणाने काढले, ६०० रुपये घेतले. तीन-चार डाग क्लिअर कोटमध्येच खोल उतरलेत, ते आजही तिरप्या उन्हात दिसतात. तेव्हापासून माझी गाडी सूर्य उगवायच्या आत किंवा मावळल्यावर धुतली जाते, आणि धुतली की लगेच मोठ्या मायक्रोफायबरच्या टॉवेलने कोरडी होते. तो टॉवेल ४५० रुपयांचा. कोटिंगपेक्षा त्याने जास्त काम केलंय असं मला हल्ली वाटतं.

दुसरा शत्रू बगळे. आमच्या धंद्यात गाय तिथे बगळा. गुरांमागून किडे टिपत फिरतात आणि संध्याकाळी चिंचेवर, बाभळीवर वस्तीला येतात. सावली बघून चिंचेखाली गाडी लावावी तर वरून पांढरा अभिषेक. थंडीत तो तासाभराने पुसला तरी चालतो. उन्हाळ्यात तसं नाही. तापल्यावर क्लिअर कोट किंचित मऊ पडतो, फुगतो. विष्ठा वाळताना आक्रसते, रंग थंड होताना तिच्या आकारात बसतो, आणि पुसल्यावर खाली खड्ड्यासारखी पुसट खूण राहते. कोटिंगने थोडी सवड मिळते, पण थोडीच. मी आता गाडीतल्या लसींच्या बर्फाच्या डब्याशेजारी एक फवाऱ्याची बाटली ठेवते, आरोचं पाणी भरलेली, आणि एक ओलं फडकं. आधी भिजवायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग उचलून घ्यायचं. कोरडं घासलं की त्यातली वाळू रंगावर रेघा ओढते.

आता मुख्य प्रश्न. कोटिंगने ऊन अडवलं का?

मी शिक्षणाने डॉक्टर असल्यामुळे तुलनेला दुसरा प्राणी लागतो. शेजारच्या काकांकडे त्याच कंपनीची, त्याच लाल रंगाची गाडी आहे, माझ्याहून एक वर्ष जुनी, कोटिंग नसलेली. तीही उघड्यावरच उभी असते. गेल्या वर्षी मी दुरून तापमान मोजणारी बंदूक घेतली, १४०० रुपयांना. करोनात कपाळावर लावायचे ती नव्हे, कारखान्यात वापरतात ती. मे २०२५, दुपारचे दोन, मोबाइल हवेचं तापमान ४४ सांगत होता. माझ्या गाडीचा टप ७१ अंश, काकांच्या गाडीचा ७०. म्हणजे कोटिंगने गाडी थंड राहते हे साफ खोटं. तसं मला दुकानात कोणी स्पष्ट म्हटलंही नव्हतं, पण 'हीट प्रोटेक्शन' हे शब्द माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात होते.

रंग उडण्याचं तपासायला सोपी युक्ती आहे. पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण उघडा. त्याच्या आतल्या बाजूला कधी ऊन लागत नाही, म्हणजे तो कारखान्यातून आला तसा रंग. तो टपाच्या रंगाशी सावलीत ताडून बघा. माझ्या गाडीत फरक नाही. छान. मग काकांच्या गाडीचं झाकण उघडलं. तिथेही फरक नाही. चार-पाच वर्षांत कारखान्याच्या क्लिअर कोटनेच दोघींना सांभाळलंय. आठ-दहा वर्षांनी कदाचित फरक दिसेल, पण तोपर्यंत तीन वर्षांचं कोटिंग कितीदा करणार? चमक मात्र माझ्या गाडीला जास्त आहे, हे काकाही कबूल करतात. काकूंना विचारलं तर म्हणतात, "तुझी गाडी धुतलेली असते, यांची नसते, एवढंच."

गाडीच्या आतलं प्रकरण जास्त गंभीर आहे असं माझं मत झालंय, आणि तिथे कोटिंगचा काही संबंधच येत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३८ अंशांच्या वरच्या हवेत गाड्या उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजलं. एका तासात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश, स्टिअरिंग ५३. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८. आमच्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, हवाच ४५-४६ असते, तेव्हा माझ्या बंदुकीने डॅशबोर्ड ७९ दाखवला तर नवल नाही. मी लाळ्या-खुरकुताच्या लसी नेते, त्या २ ते ८ अंशांत राहायला हव्यात. बर्फाचा डबा मागच्या सीटखाली, वर ओलं पोतं. त्यामुळे गाडी आत किती तापते हा माझ्यासाठी नुसता आरामाचा प्रश्न नाही.

काचेवरच्या पडद्यांचे मी तीन प्रकार वापरले. पहिला, छत्रीसारखा उघडणारा. दिसायला झकास, पण मधला दांडा स्टिअरिंगवर टेकतो, तारा डॅशबोर्डवर घासतात, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात एक तार निसटून मोबाइलच्या स्टँडमध्ये अडकली. दुसरा, बाजूच्या काचांना लावायची काळी जाळी. मुलांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही एवढा उपयोग, आणि चालत्या गाडीत ती ठेवली तर पोलीस थांबवतात. तिसरा, चंदेरी फुगीर फॉइलचा, घडी घालून ठेवायचा. बाजारात ३८० रुपयांना मिळाला. सन व्हायझर खाली केले की तो काचेला चिकटून बसतो. हा लावल्यावर डॅशबोर्ड ७९ वरून ५७ वर आला. एकाच दिवशी, एकाच जागी, अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने मोजलेलं आहे. (बंदूक चंदेरी पडद्यावर धरू नका, चकचकीत पृष्ठभागाचं तापमान ती भलतंच सांगते. मला एकदा २९ दाखवलं, मी आनंदाने यांना हाक मारली होती.) पडदा आतून लावतो, म्हणजे काच तापतेच, उष्णता थोडी आत येतेच. तरीही ३८० रुपयांत यापेक्षा चांगलं मला काही मिळालेलं नाही. माझा तिसरा उन्हाळा चाललाय त्याचा, कडा सुटल्यात, त्या मी शिवणयंत्रावर टीप मारून घेतल्या.

समोरची काच आणि बाजूच्या काचा सारख्या नसतात, हेही मला उशिरा कळलं. समोरची दोन काचांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, तो अतिनील किरण जवळपास सगळे अडवतो. बाजूच्या साध्या कडक केलेल्या काचा त्यातले बरेच आत सोडतात. पुरावा माझ्या अंगावर आहे: उजवा हात डाव्यापेक्षा एक छटा काळा. तीन वर्षांपूर्वीपासून मी कोपरापर्यंतचे सुती हातमोजे घालते, आपल्याकडच्या मुली स्कूटीवर घालतात तेच.

फिल्म लावली नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवायला बंदी घातली. समोरच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा, हा नियम त्याआधीचाच. नंतर नियमांत थोडे बदल झाले आहेत, पारदर्शक फिल्मवाले त्याचा दाखला देतात. त्यांचं बरोबरही असेल. पण दुपारी दोन वाजता, गाडीत लस असताना, चौकात उभं राहून कायद्यावर चर्चा करायची माझी तयारी नाही.

डॅशबोर्डचं पॉलिश हा सर्व्हिसिंगवाल्यांचा आवडता विषय. सर्व्हिसिंगला गाडी दिली की ते सिलिकॉनचं तेलकट द्रावण फासून देतात, डॅशबोर्ड तव्यावरच्या थालीपिठासारखा चमकतो. मग त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि समोरचा रस्ता दिसत नाही. धूळ चिकटते ती वेगळीच. मी आता सर्व्हिसिंगच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिते, 'डॅशबोर्डला काहीही लावू नये.' घरी ओल्या फडक्याने पुसते आणि महिन्यातून एकदा पाण्यातलं, चमक नसलेलं, ऊन अडवणारं द्रावण लावते. ३५० ची बाटली वर्षभर जाते. तापलेल्या प्लास्टिकमधून त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उडतं आणि काचेच्या आतल्या बाजूला धुरकट साय धरते. रात्री समोरून ट्रक आला की हीच साय डोळ्यांपुढे फुलते. दर पंधरा दिवसांनी आतून काच पुसणं, याला पर्याय नाही.

स्टिअरिंगवर माझा दुपट्टा टाकून जाते. बस. त्यासाठी विकत काही घेतलं नाही.

बाहेरच्या काळ्या प्लास्टिकबद्दल मात्र मी हरले. वायपरच्या खालची पट्टी आणि आरशांचे पाय दुसऱ्या वर्षीच राखाडी पडले. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खोबरेल तेल लावायला सांगितलं. दोन दिवस काळंभोर, तिसऱ्या दिवशी सगळ्या अकोट रस्त्याची धूळ त्याच्यावर. कोटिंगवाल्यांनी प्लास्टिकला हातच लावला नव्हता, तेव्हा मला ते कळलंही नाही. कोणी करून घेत असाल तर आधी विचारा, प्लास्टिक धरलंय का? हेडलाइटचं विचारा. हेडलाइट काचेचे नसतात, पॉलिकार्बोनेटचे असतात, त्यांच्यावरचं कवच उन्हाने गेलं की पिवळे पडतात. काकांच्या गाडीचे पडले. त्यांच्या नातवाने टूथपेस्ट घासली, महिनाभर बरे दिसले, मग आधीहून पिवळे. शेवटी त्याच गोरक्षण रोडच्या मुलाने १०००, २००० आणि ३००० नंबरचा कागद पाण्यात घासून वरून ऊन अडवणारा क्लिअर मारून दिला. ८०० रुपये. काका त्याला आता 'डॉक्टर' म्हणतात, मला नाही.

गाडीचं कव्हरही घेऊन झालं, चंदेरी, १२०० चं. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी जो वारा सुटतो त्यात ते दिवसभर फडफडतं, आत धूळ गेलेली असते, म्हणजे गाडीला रोज बारीक पॉलिश कागद. एका वर्षात त्याचा चंदेरी मुलामा सुटून टपाला चिकटला. तो काढताना कोटिंगची आठवण आली, कारण नखाने सहज सुटला. हे मान्य करायलाच हवं.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. मार्च २०२५ मध्ये कृषी केंद्रात कॅल्शियम घ्यायला गेले होते. तिथे रोपवाटिकावाल्यांसाठी शेडनेटचा गठ्ठा पडला होता, हिरवी, ९० टक्के सावलीची. ही जाळी उन्हात टिकावी म्हणूनच बनवलेली असते. नर्सरीवर, पानमळ्यावर, कुक्कुटपालनाच्या शेडवर मी ती रोज बघते आणि माझ्या अंगणात गाडी भाजत असते! सहा मीटर बाय चार मीटर घेतली, ११०० रुपये. चार जुने लोखंडी पाइप घरी होते. कडेने नायलॉनची दोरी ओवली, गाडीच्या वर दीड हात मोकळी जागा सोडली. आडव्या वाऱ्याला जागा हवी, नाहीतर जाळी शिडासारखी ताणते आणि पाइप उखडतात. पहिल्याच वावधनात एक पाइप उखडलाच. मग दोऱ्या जरा सैल बांधल्या आणि पाइप सिमेंटच्या डब्यांत रोवले.

त्याच मे महिन्यात, त्याच ४४ अंशांत, जाळीखाली टप ४९, डॅशबोर्ड ५२. काचेवर पडदा न लावता.

जाळीतून हवा खेळते, त्यामुळे पत्र्याच्या छपराखाली कोंडते तशी वाफ कोंडत नाही. बगळे तिच्यावर बसतात, पण प्रसाद वरच वाळतो. कडुनिंबाचा मोहर आणि पिकल्या निंबोळ्या वरच अडकतात, आठवड्यातून एकदा खालून काठीने झटकायच्या. पावसाळ्यात काढून ठेवायची. दिसायला अंगण रोपवाटिकेसारखं होतं, आमच्या ह्यांना ते आवडत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात त्यांची मोटरसायकलही तिथेच असायची.

गावातल्या उन्हाचं काही करता येत नाही. तिथे चंदेरी पडदा, दुपट्टा, फवाऱ्याची बाटली.

तर कोटिंग करावं का? गाडी नळाच्या गोड्या पाण्याने धुतली जाते, घरी छप्पर आहे, धुण्याचा कंटाळा आहे आणि हाताशी २२ हजार मोकळे आहेत, तर जरूर करा. चमक टिकते, माती पटकन सुटते. मात्र ऊन थांबवण्यासाठी म्हणून करू नका, आणि वॉरंटीचं कार्ड पैसे देण्याआधी मागून घ्या. खारपाणपट्ट्यातल्यांनी तर थेंब पळतात याच्यावर भाळूच नये. गोरक्षण रोडचा मुलगा दर तीन महिन्यांनी ७०० रुपयांत धुऊन मेण लावून देतो म्हणाला. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ८२ अंशांच्या पुढे वितळतं. माझ्या टपाचे ७१ आणि ते ८२ यांच्यात फार अंतर नाही, म्हणून उन्हाळ्यात ते महिनाभरच टिकेल हे त्यानेच आधी सांगून टाकलं. मला ते आवडलं.

पुण्याच्या मुलाला फोन करून विचारलं, "या वेळी पाण्याचे डाग वॉरंटीत घ्याल का?" तो म्हणाला, कंपनीचं धोरण आहे मॅडम. मी म्हटलं, मग राहू दे दादा.

जाळी काल माळ्यावरून काढली. एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडली आहे, हातभर तुकडा जोडावा लागेल. होळीच्या आत बांधून होईल.